सर आर्थर लूइस : एका विद्याशाखेची जन्मकथा

विद्यापीठांत शिकविल्या जाणाऱ्या विषयांनाही जन्मकथा असतात. व्याकरण, तर्क, ज्योतिष यांचे आरंभबिंदू काळाच्या ओघात पुसट झाले. परंतु काही विद्याशाखा इतक्या अर्वाचीन आहेत की, त्यांचा उदय एका माणसाच्या आयुष्यात बसवून दाखविता येतो. गरीब आणि श्रीमंत राष्ट्रांत अंतर कशामुळे पडले व ते कसे कमी होईल, या प्रश्नाचा विद्यापीठीय अभ्यास ही अशीच एक शाखा होय. विकासाचे अर्थशास्त्र या नावाने ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात उभी राहिली आणि पुढे आंतरराष्ट्रीय विकास हा स्वतंत्र अभ्यासक्रम म्हणून अनेक देशांतील विद्यापीठांत स्थिरावली. तिच्या प्रवर्तकांत सर विल्यम आर्थर लूइस यांचे स्थान अग्रगण्य आहे. साहित्याच्या अभ्यासकांसाठी असलेल्या या पृष्ठांत अर्थशास्त्रज्ञाचे चरित्र कशासाठी, अशी शंका वाचकाला येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर चरित्राच्या ओघातच मिळेल. येथे एवढेच सांगणे पुरे की, हे चरित्र ऊस, मजूर आणि महाकाव्य या तीन वाटांनी भारताशी येऊन मिळते.

लूइस यांचा जन्म २३ जानेवारी १९१५ रोजी वेस्ट इंडिजमधील सेंट लुसिया या बेटावर, कॅस्ट्रीझ या गावी झाला. बेट त्या वेळी ब्रिटिश वसाहत होते. आईवडील दोघेही शिक्षक. ते अँटिग्वा बेटावरून येथे येऊन स्थायिक झाले होते. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशात जन्मलेल्या मुलाला त्या काळी शिक्षण हाच काय तो वर जाण्याचा जिना होता. सात वर्षांचे असताना आजारपणामुळे आर्थर यांना काही आठवडे घरी राहावे लागले. मुलगा मागे पडू नये म्हणून वडिलांनी त्यांना घरीच शिकविले, आणि ते इतके झपाट्याने की, शाळेत परतल्यावर मुलाला चौथीतून एकदम सहावीत बसविण्यात आले. त्यानंतर लवकरच वडील वारले. पाच मुलगे आणि तुटपुंजी साधने यांसह मागे राहिलेल्या आईने कमालीच्या शिस्तीने व कष्टाने संसार तारून नेला. पुढे आयुष्यभर लूइस यांच्या लेखनात दिसणारा नेटकेपणा आणि पाल्हाळाचा तिटकारा यांचे मूळ या घरात आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

कॅस्ट्रीझच्या सेंट मेरीज कॉलेज या शाळेचा अभ्यासक्रम त्यांनी चौदाव्या वर्षीच संपविला. ब्रिटनमधील विद्यापीठात जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती होती, पण तिच्या परीक्षेला बसण्याइतके त्यांचे वय नव्हते. मधली वर्षे त्यांनी सरकारी कचेरीत कारकुनी केली. टंकलेखन, कागदपत्रांची नीट लावणी आणि मुद्देसूद टिपण लिहिणे ही विद्या तेथे हाती आली. १९३२ मध्ये परीक्षा देऊन त्यांनी शिष्यवृत्ती मिळविली. आणि मग खरा पेच उभा राहिला. शिकायचे काय? त्यांना अभियंता व्हावयाचे होते. परंतु वसाहतीतील सरकार किंवा गोऱ्यांच्या पेढ्या कृष्णवर्णीय अभियंत्याला नोकरीवर ठेवणार नव्हत्या. म्हणून होतकरू कृष्णवर्णीय तरुण कायदा किंवा वैद्यक यांकडे वळत, कारण त्या व्यवसायांत सरकारच्या कृपेवाचून पोट भरता येई. लूइस यांना वकिली नको होती आणि डॉक्टरकीही. अखेर, परत येऊन नगरपालिकेत किंवा व्यापारात काही काम मिळेल या हिशेबाने त्यांनी वाणिज्य हा विषय निवडला. आपल्या विषयाकडे ते आले ते असे, दुसरी दारे बंद असल्यामुळे.

१९३३ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. याच संस्थेत अवघ्या दहा वर्षांपूर्वी, १९२३ मध्ये, रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल डॉ. भीमराव आंबेडकर यांना लंडन विद्यापीठाची डी. एस्‌सी. मिळाली होती. जन्माने लादलेल्या हीनत्वाला विद्येने उत्तर देऊ पाहणारी ही दोन माणसे एकाच वास्तूतून गेली, हा योगायोग मराठी वाचकाला दृष्टीआड करता येणार नाही. लूइस यांच्या अभ्यासक्रमात हिशेबशास्त्र, व्यापारी कायदा आणि थोडेसे अर्थशास्त्र होते. अर्थशास्त्र म्हणजे काय याची त्यांना प्रारंभी कल्पनाही नव्हती. पण विषय त्यांना लागलीच वश झाला. १९३७ मध्ये ते प्रथम वर्गात उत्तीर्ण झाले, आणि औद्योगिक अर्थशास्त्रात संशोधन करण्यासाठी संस्थेने त्यांना शिष्यवृत्ती दिली. १९३८ मध्ये त्यांची तेथेच अध्यापक म्हणून नेमणूक झाली. ब्रिटिश विद्यापीठात कृष्णवर्णीय माणसाने शिकवावे, ही त्या काळी खळबळ उडविणारी घटना होती. १९४० मध्ये ते पीएच.डी. झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या विषयासाठी त्यांचे नाव झाले तो विषय त्यांच्या विद्यार्थिदशेत शिकविलाच जात नव्हता. वसाहती होत्या, त्यांच्या कारभाराचे शिक्षण होते, त्यांच्या व्यापाराचे आकडे होते. परंतु वसाहतीतील माणूस गरीब का, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या वर्गात प्रश्न म्हणून उभा राहत नसे. लूइस यांनी तो बाहेरून आत आणला. १९३० नंतरच्या दशकात वेस्ट इंडिजमधील ऊसमळ्यांत आणि बंदरांत मजुरांचे संप व दंगे उसळले. त्यांची कारणमीमांसा करणारी त्यांची पुस्तिका १९३९ मध्ये फेबियन सोसायटीने प्रसिद्ध केली. महायुद्धाच्या काळात वसाहतींच्या आर्थिक सल्लागार समितीचे सचिव म्हणून त्यांनी काम पाहिले. पण वसाहत कार्यालयाच्या धोरणाशी न पटल्याने १९४४ मध्ये ते पद सोडले. साम्राज्याच्या दप्तरात बसून साम्राज्याला प्रश्न विचारण्याची मर्यादा त्यांना तेथे कळून चुकली.

महायुद्ध संपताना विभागाचे काम पाहणाऱ्या हायेक यांनी त्यांना दोन महायुद्धांमधील जागतिक अर्थव्यवहारावर व्याख्याने देण्यास सांगितले. आपल्यालाच तो काळ नीट उमगलेला नाही, असे लूइस यांनी कळविले. तेव्हा विषय शिकण्याचा उत्तम मार्ग तो शिकविणे हाच, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. त्या व्याख्यानांतून १९४९ चा ग्रंथ तयार झाला, आणि इतिहासावाचून अर्थशास्त्र पांगळे आहे ही त्यांची धारणा पक्की झाली. दरम्यान १९४७ मध्ये ग्रेनाडाच्या ग्लॅडिस जेकब्ज यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४८ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ते मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथे सुमारे १९५० पासून त्यांनी विकासाचे अर्थशास्त्र पद्धतशीरपणे शिकविण्यास आरंभ केला. भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश व श्रीलंका स्वतंत्र झालेले होते. आफ्रिका त्या वाटेवर होती. आशिया-आफ्रिकेतून आलेल्या विद्यार्थ्यांना बाजाराच्या समतोलाचे सिद्धांत पुरेसे वाटत नव्हते. परत गेल्यावर आपल्या देशाने काय करावे, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. या विद्याशाखेचा पहिला पाठ्यक्रम ठरविण्यात त्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नांचाही वाटा होता.

१९५१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अल्पविकसित देशांच्या आर्थिक विकासाचे उपाय सुचविण्यासाठी पाच तज्ज्ञांचे एक मंडळ नेमले. लूइस त्याचे सदस्य होते. दुसरे एक सदस्य होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक प्रा. धनंजयराव गाडगीळ. तिसरे होते अमेरिकेचे थिओडोर शुल्ट्झ. त्यांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे. चौथे चिलीचे आणि पाचवे लेबाननचे होते. गाडगीळ त्याच सुमारास प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत गुंतले होते आणि त्याचे ते पहिले अध्यक्ष झाले. ऊस पिकविणाऱ्याने साखरेचाही मालक व्हावे, हा त्यांचा ध्यास होता. ऊसमळ्यांच्या बेटावर वाढलेले लूइस आणि ऊसकरी शेतकऱ्यांना संघटित करणारे गाडगीळ एका टेबलाशी बसले, ही गोष्ट या विद्याशाखेच्या इतिहासात अर्थपूर्ण ठरते.

ऑगस्ट १९५२ मध्ये बँकॉकच्या रस्त्याने चालत असताना लूइस यांना त्यांचा प्रसिद्ध सिद्धांत सुचला. दोन कोडी त्यांना बरीच वर्षे छळत होती. इंग्लंडमध्ये औद्योगिक क्रांतीच्या पहिल्या अर्धशतकात नफा व बचत वाढत गेली, तरी मजुरी का वाढली नाही, हे पहिले. पोलाद आणि कॉफी यांच्या परस्परांतील किमती कशाने ठरतात, हे दुसरे. दोन्हींची किल्ली एकच निघाली. मजुरांचा पुरवठा मर्यादित असतो, हे प्रचलित अर्थशास्त्राचे गृहीत त्यांनी बाजूस ठेवले. अल्पविकसित देशात शेतीवर आणि किरकोळ कामांवर कसेबसे जगणारा मोठा समुदाय असतो. निर्वाहापेक्षा थोडी अधिक मजुरी दिली की उद्योगांना तेथून हवे तितके मजूर मिळत राहतात. मजुरी स्थिर राहते, नफा वाढतो, नफ्याची पुन्हा गुंतवणूक होते. आणि शिलकी मजूर संपतात तेव्हाच मजुरी वर चढू लागते. १९५४ मध्ये मँचेस्टरच्या नियतकालिकात आलेला हा निबंध विकासाच्या अभ्यासक्रमात आजही प्रथम वाचला जातो. शेतीवरील निष्क्रिय श्रम उद्योगांकडे वळविल्याखेरीज भारतीय शेतीचा प्रश्न सुटणार नाही, असे प्रतिपादन डॉ. आंबेडकरांनी १९१८ मध्ये लहान शेतजमिनींवरील निबंधात केले होते, याचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही.

निबंधाचा उत्तरार्ध तुलनेने कमी वाचला जातो, पण लूइस यांचे मन तेथे आहे. उसाचे एकरी उत्पादन पाऊणशे वर्षांत सुमारे तिप्पट झाले. गव्हाची इतकी प्रगती झाली नाही. तरीही गहू पिकविणारा सुखवस्तू, आणि उसाच्या मळ्यातला मजूर मात्र अनवाणी व झोपडीत राहणारा. याचे कारण असे की, मळ्यातील मजुरी मळ्याच्या उत्पादकतेवर ठरत नाही. मजूर ज्या गावातून येतो तेथील धान्याची शेती त्याला काय देते, यावर ती ठरते. मळा सुधारला की साखर स्वस्त होते आणि लाभ परदेशी ग्राहकाच्या पदरात पडतो. म्हणून निर्यातीच्या पिकाआधी अन्नधान्याची शेती सुधारली पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष होता.

या सिद्धांतावर वाद झाला, आणि तो भारताच्या भूमीवर झाला. १९६४ मध्ये शुल्ट्झ यांनी १९१८-१९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीचा दाखला पुढे केला. शेतीत माणसे खरोखर शिलकी असती, तर साथीत लाखो माणसे दगावल्यावर पेरणीचे क्षेत्र घटले नसते. पण ते घटले, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९६७ मध्ये अमर्त्य सेन यांनी त्या युक्तिवादाच्या सांख्यिकीय आधारावर आक्षेप घेतले. आपला सिद्धांत शेतमजुराची उत्पादकता शून्य असण्यावर अवलंबून नाही, असा खुलासा लूइस यांनी केला. एका वसाहतीच्या महामारीतील मृतांची गणना साठ वर्षांच्या आत जागतिक विद्वच्चर्चेचे साधन व्हावी, यातील करुणा वादाच्या दोन्ही पक्षांना बहुधा जाणवली नसावी.

१९५५ मध्ये त्यांचा आर्थिक वृद्धीवरील बृहद्‌ग्रंथ प्रसिद्ध झाला. भांडवलाइतकेच महत्त्व त्यांनी त्यात लोकांच्या वृत्ती, संस्था, धर्म आणि कुटुंब यांना दिले. शेवटी, वृद्धी इष्ट आहे काय, असा प्रश्न ते स्वतःलाच विचारतात. संपत्तीने सुख वाढतेच असे नाही, तिने माणसापुढील निवडीची व्याप्ती वाढते; स्त्रियांच्या बाबतीत तर ही मुक्ती विशेष मोठी आहे, असे त्यांचे उत्तर होते.

सिद्धांत आणि सत्ता यांची गाठ घानामध्ये पडली. १९५३ च्या अहवालात त्यांनी गोल्ड कोस्टला कारखान्यांआधी अन्नोत्पादन वाढविण्याचा सल्ला दिला होता. मार्च १९५७ मध्ये तो देश घाना या नावाने स्वतंत्र झाला आणि पंतप्रधान एन्क्रूमा यांचे आर्थिक सल्लागार म्हणून लूइस तेथे गेले. राजकीय प्रतिष्ठेसाठी हाती घेतलेल्या योजनांचा खर्च त्यांना मान्य नव्हता. अर्थव्यवहारातही राजकारणाचाच शब्द शेवटचा, अशी एन्क्रूमांची भूमिका होती. १९५८ अखेर लूइस बाहेर पडले. पुढे १९६५ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या राजकारणावरील छोट्या ग्रंथात त्यांनी एकपक्षीय राजवटीवर कठोर टीका केली. अनेक जमाती व भाषा असलेल्या समाजात बहुमताने सारी सत्ता गिळू नये, संमिश्र सरकार आणि संघराज्य हेच मार्ग हितकर, हे त्यातील प्रतिपादन भारतीय वाचकाला परके वाटणार नाही.

१९५९ मध्ये ते वेस्ट इंडिजच्या विद्यापीठ महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९६२ मध्ये ते स्वतंत्र विद्यापीठ झाले व लूइस त्याचे कुलगुरू झाले. याच वर्षी वेस्ट इंडिजचे संघराज्य मोडले. उरलेल्या आठ बेटांना एकत्र राखण्यासाठी त्यांनी बेटोबेटी फिरून शिष्टाई केली. तीही अयशस्वी ठरली. राजकीय ऐक्य गेले, विद्यापीठ मात्र अनेक देशांचे सामाईक विद्यापीठ म्हणून टिकले. १९६३ मध्ये त्यांना नाइट हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी ते प्रिन्स्टन विद्यापीठात गेले. तेथे १९८३ पर्यंत ते होते. मधली १९७० ते १९७३ ही वर्षे मात्र कॅरिबियन विकास बँकेचे पहिले अध्यक्ष म्हणून त्यांनी बार्बेडोसमध्ये घालविली. १९६९ मध्ये अमेरिकेतील विद्यापीठांत कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र अभ्यासक्रमाची मागणी जोरात असताना, तरुणांनी अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, वैद्यक यांतही मोठ्या संख्येने शिरले पाहिजे, असे त्यांनी लिहिले. अनेकांना ते रुचले नाही. पण अभियंता होण्याची इच्छा ज्याला तरुणपणी गिळावी लागली, त्याचे ते मत होते, हे विसरता कामा नये.

१९७८ च्या दोन ग्रंथांत ते पुन्हा इतिहासाकडे वळले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुमारे ५ कोटी माणसे युरोपातून समशीतोष्ण प्रदेशांत गेली आणि जवळजवळ तितकीच भारत व चीनमधून उष्ण कटिबंधातील मळ्यांत व खाणींत गेली. युरोपीय शेतकरी एकरी सुमारे १६०० पौंड गहू काढी, उष्ण कटिबंधातील शेतकरी सुमारे ७०० पौंड धान्य. पहिल्याला घराबाहेर काढण्यासाठी चांगली मजुरी द्यावी लागे, दुसरा अत्यल्प मजुरीवर येई. कॉफी, चहा, साखर यांची स्वस्ताई तेथून आली. जगाच्या आर्थिक व्यवस्थेच्या मुळाशी अशा रीतीने बिहार व अवध येथील कोरडवाहू शेत उभे आहे, असे त्यांच्या विवेचनावरून म्हणता येते.

१९७९ च्या फेब्रुवारीत सेंट लुसिया स्वतंत्र झाले आणि त्याच वर्षी लूइस यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे सहविजेते होते शुल्ट्झ. एका मंडळावर बसलेले आणि नंतर एकमेकांशी वाद घातलेले हे दोन विद्वान एका मंचावर आले. गाडगीळ १९७१ मध्येच निवर्तले होते.

१५ जून १९९१ रोजी बार्बेडोसमधील ब्रिजटाउन येथे लूइस यांचे निधन झाले. कॅस्ट्रीझ येथील, त्यांच्याच नावाच्या महाविद्यालयाच्या आवारात त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. पुढच्याच वर्षी साहित्याचे नोबेल पारितोषिक डेरेक वॉल्कॉट यांना जाहीर झाले. वॉल्कॉट कॅस्ट्रीझचेच, त्याच शाळेचे. त्यांचा जन्मदिवसही २३ जानेवारी, वर्ष १९३०. प्रस्तुत लेखकाच्या तौलनिक साहित्याच्या वर्गात वॉल्कॉट आवर्जून वाचले जातात, पण लूइस हे नाव ऐकलेला विद्यार्थी क्वचित भेटतो. वॉल्कॉट यांच्या नोबेल व्याख्यानाचा आरंभ मात्र दोघांना एकत्र वाचल्यावाचून पुरता उलगडत नाही. त्रिनिदादमधील फेलिसिटी नावाच्या गावी ऊसमळ्यांच्या कडेला चाललेली रामलीला, हा त्याचा आरंभ आहे. आपण ती प्रथम एका हरवलेल्या संस्कृतीची नक्कल म्हणून पाहिली, आणि करणाऱ्यांच्या लेखी ती श्रद्धा होती, अशी कबुली कवी तेथे देतो. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय मजूर करारावर त्रिनिदादला नेण्यात आले. लूइस यांच्या कोष्टकांत जे अत्यल्प मजुरीवर उपलब्ध असलेले श्रम आहेत, तेच वॉल्कॉट यांच्या व्याख्यानात धनुष्यबाण घेऊन उभे राहतात.

येथेच लूइस यांच्या विचाराची मर्यादाही दिसते. गोदीतील हमाल, माळी, फेरीवाले, घरगडी, घरातील स्त्रिया अशी शिलकी श्रमिकांची यादी त्यांनी १९५४ मध्ये केली; परंतु ही माणसे त्यांच्या सिद्धांतात उद्योगाची वाट पाहत थांबलेली दिसतात. त्यांच्या भाषेला, गाण्याला, स्मृतीला तेथे जागा नाही. परदेशी भांडवलाला बोलावून औद्योगीकरण करण्याच्या त्यांच्या १९५० च्या सूचनेवर लॉइड बेस्ट प्रभृती वेस्ट इंडियन अर्थशास्त्रज्ञांच्या पुढच्या पिढीने कडक टीका केली, आणि ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. तथापि हेही मान्य केले पाहिजे की, टीका करणारी ती पिढी ज्या प्रश्नावर उभी होती, तो प्रश्न विद्यापीठाच्या उंबऱ्याआड आणला तो लूइस यांनी.

विकास हा विषय पुढे फार फोफावला. त्याच्या पदव्या निघाल्या, त्याची स्वतंत्र परिभाषा झाली, आणि श्रीमंत देशांतील विद्यापीठांत गरीब देशांविषयी शिकविणारा विषय असेही रूप त्याला कित्येकदा आले. अशा वेळी त्याचा आरंभ आठवणे अगत्याचे ठरते. ज्याला अभियंता होऊ दिले गेले नाही, अशा एका मुलाने आपल्या बेटावरचा ऊसतोड्या अनवाणी का, हे विचारले. आणि उत्तर शोधता शोधता तो आपल्या गावांपर्यंत येऊन पोहोचला. त्या गावांतून गेलेल्या माणसांनी सोबत काय नेले, हा उरलेला अर्धा प्रश्न भोजपुरी, अवधी, तमिळ व तेलुगू लोकसाहित्याच्या अभ्यासकांचा आहे. तो अर्थशास्त्रज्ञांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.